रंग सगळ्यात शेवटी: जुनी स्कूटर पहिल्यांदाच सांभाळणाऱ्यांसाठी

ठाण्यात जुनी स्कूटर शोधायला लांब जावं लागत नाही. नौपाडा, चरई, कोपरी इथल्या जुन्या इमारतींच्या जिन्याखाली किंवा वाशी-नेरुळच्या सिडको वसाहतींत मीटरच्या पेट्यांखाली एखादी चेतक, सुपर नाहीतर प्रिया वर्षानुवर्षं उभी असते. विचारलं की काका म्हणतात, "चालू गाडी आहे हो, फक्त उभी आहे." माझी चेतक मी अशाच एका जिन्याखालून घेतली. सात वर्षं ती जागची हलली नव्हती. टेम्पोत घालून घरी आणली आणि पहिल्याच महिन्यात रंगवून घेतली.

तीच माझी चूक. त्या वर्षी गणपतीपर्यंत गाडी सुंदर दिसली. पुढच्या पावसाळ्यात पायदानाच्या कडेला रंगाला फोड आले. एक फोड बोटाने दाबला तर बोट आत गेलं. खाली पत्रा नव्हताच, रंगारी जिला लांबी म्हणतात ती पुट्टी होती. पत्रा बदलायचा म्हणजे नवा रंग खरवडून काढावा लागला, आणि रंगाचे पैसे दुसऱ्यांदा भरावे लागले.

म्हणून हे लिहिते आहे. खाडीकाठच्या आपल्या गावांत या गाड्यांचा खरा शत्रू दमट हवा आहे. इंजिन साधं असतं आणि दुरुस्त होतं. कुजलेला पत्रा मात्र झाकता येतो, आणि झाकला की आतून वाढत जातो. तेव्हा क्रम असा ठेवा: कागद, पत्रा, ब्रेक-टायर, मग पेट्रोल आणि ठिणगी, मग तेल आणि वायरी (क्लच, ब्रेक, गिअरच्या केबल). रंग सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे नेमकी कोणती गाडी आहे?

पार्ट आणायला जाण्याआधी हे माहीत हवं. बजाज ऑटो आधी इटलीच्या पियाज्यो कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत असे. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव, ढाचा मात्र व्हेस्पाचाच. वेगळी चौकट नाही, पत्र्याचं अंग हाच सांगाडा. इंजिन उजव्या बाजूला, मागच्या चाकाला थेट जोडलेलं, मध्ये साखळी नाही. सुपर दिसायला जवळची, पण तिची चाकं ८ इंची आणि चेतकची १० इंची. टायर-ट्यूब घेताना इथेच घोळ होतो. प्रिया आपल्या साताऱ्याची, महाराष्ट्र स्कूटर्सची. एलएमएल व्हेस्पा कानपूरची. तिचे काही भाग बजाजला बसल्यासारखे वाटतात पण नीट बसत नाहीत, म्हणून जुना भाग हातात घेऊनच दुकानात जा.

लॅम्ब्रेटा किंवा लॅम्बी मिळाली असेल तर ती थेट शेजारच्या भांडुपची. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाचा कारखाना तिथे होता. तिची रचना वेगळी आहे: नळीची चौकट, इंजिन मधोमध, आत बंद पेटीत साखळी. तिच्यासाठी खालच्या गोष्टींतली तत्त्वं लागू होतील, तपशील नाही.

आणखी दोन सूचना. चेतकच्या शेवटच्या काही वर्षांत फोर-स्ट्रोक गाडीही आली होती. तिच्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल, घालायचं नसतं. आणि मोबाइलवर 'चेतकचे पार्ट' शोधलंत तर २०२० पासून रस्त्यावर आलेल्या विजेच्या चेतकचे भाग समोर येतील. 'टू-स्ट्रोक, १५० सीसी' असं जोडून शोधा.

कागद

आरसी बुक हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः पुसून, टॉर्च मारून वाचा आणि आरसीशी जुळवा. इंजिन बदललेलं असेल आणि त्याची नोंद नसेल तर नावावर करताना अडतं. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर तिथल्या ना-हरकतीसाठी फॉर्म २८. ठाण्याचा एमएच-०४, कल्याणचा एमएच-०५, नवी मुंबईचा एमएच-४३. मूळ मालक हयात नसतील तर वारसांची कागदपत्रं लागतात, ती आधी मागून घ्या. नंतर सगळ्या भावंडांच्या सह्या गोळा करणं फार अवघड जातं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून, तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती वाढवावी लागते. उशिराचा दंड महिन्यामहिन्याने साठतो, त्यामुळे दहा वर्षं उभ्या गाडीचा हिशेब व्यवहाराआधीच ऑनलाइन बघा आणि किमतीत धरा. विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षित नंबरप्लेट हेही लागणारच.

'व्हिंटेज' म्हटलं की काही सवलत मिळेल असं अनेकांना वाटतं. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनं आणि मूळ रूपात राखलेलं वाहनच व्हिंटेज धरतात. त्याच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात आणि ते रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. १९८८ ची चेतक आपल्यासाठी कितीही मौल्यवान असली तरी कायद्याने ती नुसती जुनी स्कूटर आहे. रोज चालवायची असेल तर ते बरंच आहे.

पत्रा

एक छोटं लोहचुंबक खिशात ठेवा, सुती कापडात गुंडाळून. पायदान, पुढच्या ढालीची खालची कड, मागच्या चाकावरची कमान आणि स्टँड जिथे बोल्टने बसतो तो भाग, सगळीकडे फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे लांबी आहे. रबरी मॅट आणि त्यांच्या पट्ट्या उचलून बघा. मॅटखाली पाणी साठतं आणि वरून काही कळत नाही. मग गाडी एका अंगावर जाड गोधडीवर आडवी करून (आधी पेट्रोल काढून) खालून पाहा. पायदानाखाली मधोमध पेटीसारखा आडवा-उभा पत्रा असतो, त्यावर सगळा भार असतो. पेचकसाच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर तिथे वेल्डिंगचं काम आहे. हे काम स्वतः करू नका. चांगला पत्रेवाला शोधा आणि त्याला स्पष्ट सांगा: कुजलेलं कापून नवा पत्रा जोडा, वरून ठिगळ नको.

वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून, पुसून, गंजरोधक लावून त्यावर रेड ऑक्साईड मारा. इतकंच. महिनाभर गाडी तशी लाल डागांची राहू द्या. बघणारे काहीबाही बोलतील, बोलू देत. नवा गंज कुठून येतो ते त्या महिन्यात कळतं. पेटीच्या आतल्या भागात हात पोचत नाही, तिथे पातळ तेल किंवा मेण फवारून घ्या. पाणी बाहेर जाण्यासाठी खाली बारीक भोकं असतात. ती मातीने बुजलेली असतात, काडीने मोकळी करा. पाच मिनिटांचं काम आहे आणि गाडीचं आयुष्य त्याने वाढतं.

चाकं आणि ब्रेक

इंजिन चालू करायची घाई सगळ्यांना असते. मलाही होती. पण गाडी चालू झाली की आपण ती चालवतोच, आणि तेव्हा ती थांबली पाहिजे.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. '३६१९' म्हणजे २०१९ च्या ३६व्या आठवड्यात बनलेला. उभ्या गाडीचे टायर नक्षीने नवे दिसतात, पण रबर कडक होऊन भेगा पडलेल्या असतात. असे टायर ट्यूबसकट बदला, आणि स्टेपनीही तपासा.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना. या स्कूटरचं रिम दोन अर्ध्या भागांचं असतं आणि ते भाग नट-बोल्टने एकमेकांना आवळलेले असतात. चाक ड्रमला धरणारे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग धरणारे नट वेगळे. हवा भरलेली असताना रिमचे नट सैल केले तर दोन्ही भाग जोरात उडतात. हात, चेहरा, काहीही जाऊ शकतं. आधी व्हॉल्व्हची पिन काढा, हवा पूर्ण जाऊ द्या, टायर हाताने दाबून खात्री करा, मगच रिमला पाना लावा. आजकालच्या पंक्चरवाल्या मुलांनी असं रिम पाहिलेलं नसतं. त्यांच्याकडे चाक दिलंत तर शेजारी उभे राहा आणि हे त्यांना सांगा. हवा साधारण पुढे १८ पीएसआय, मागे एकट्यासाठी २५ आणि डबलसीट असेल तर ३५ च्या आसपास ठेवा.

दोन्ही ब्रेक ड्रमचे. ड्रम काढल्यावर आतली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते छातीत जाणं वाईट. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं टाकून द्या. शूवर तेल किंवा ग्रीस लागलेलं दिसलं तर शू धुण्यात वेळ घालवू नका, बदला, आणि तेल कुठून आलं तेही शोधा. मागच्या ड्रममध्ये तेल म्हणजे आतलं ऑइल सील गेलं आहे. ब्रेकचा कॅम, म्हणजे शूंना बाहेर ढकलणारा तुकडा, वर्षानुवर्षं उभ्या गाडीत जाम होतो. तो काढून साफ करा आणि अगदी थोडं ग्रीस लावा. पुढचा ब्रेक जोरात दाबला की गाडी नाक खाली घालते, हा तिच्या रचनेचा स्वभाव आहे. मागचा ब्रेक आधी आणि पुढचा बेताने, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

पेट्रोल आणि टू-टी

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. व्हार्निशसारखा वास येत असेल तर ते कशातही मिसळू नका. टॉर्चने टाकीत पाहा. तपकिरी कचरा दिसला तर टाकी उतरवून धुवावी लागेल. पेट्रोलचा रबरी पाइप आणि कॉकचे (पेट्रोल चालू-बंद करणाऱ्या तोटीचे) वॉशर नवे टाका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने फुगतं आणि मऊ पडतं, शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत अर्धी रिकामी टाकी दोन महिने उभी ठेवली तर तळाशी पाणी जमतं. त्यामुळे गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, म्हणजे कार्बोरेटर, कोरडा होतो.

टू-स्ट्रोक इंजिनाला आतून वंगण मिळतं ते फक्त पेट्रोलमधल्या तेलातून. प्रमाण १ लिटरला २० मिलि, म्हणजे ५ लिटरला १०० मिलि. जुन्या पुस्तिकांत याहून बरंच जास्त लिहिलेलं असतं, तेव्हाची तेलं वेगळी होती. नवा पिस्टन टाकलेला असेल तर सुरुवातीचे काही शे किलोमीटर दुप्पट घाला, नंतर २ टक्के पुरे. पंपावर आधी तेल टाकीत ओता, मग वरून पेट्रोल घ्या, म्हणजे धारेने मिसळतं. घरून मोजून आणलेल्या १०० मिलिच्या छोट्या बाटल्या डिकीत ठेवल्या की अंदाजपंचे काम होत नाही.

यामागचं कारण समजलं की एक गोष्ट आपोआप कळते. येऊरचा उतार उतरताना किंवा गायमुखचा घाट उतरताना गिअरमध्ये एक्सिलेटर पूर्ण बंद ठेवला, तर इंजिन वेगाने फिरतं पण पेट्रोल जवळजवळ जात नाही, म्हणजे तेलही जात नाही. पिस्टन तापून जाम होतो. उतारावर मधून मधून थोडा एक्सिलेटर द्या. चालताना इंजिन अचानक धरल्यासारखं वाटलं तर त्याच क्षणी क्लच दाबा, नाहीतर मागचं चाक लॉक होईल. जुन्या गाडीवर दोन बोटं कायम क्लचवर ठेवतात ती याचसाठी.

कार्बोरेटर उघडणं अवघड नाही. उघडण्याआधी प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. खाली पांढरा कपडा अंथरा, नाहीतर बारीक जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोकाचे तुकडे) हरवतात. जेटमध्ये तार घालू नका. भोक किंचित मोठं झालं तरी पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. पेट्रोलमध्ये भिजवा आणि हवा मारा. आतला तरंगणारा फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट गळका आहे. फ्लोटची सुई झिजली असेल आणि कॉक रात्रभर उघडा राहिला तर पेट्रोल इंजिनात उतरतं. सकाळी किक बसत नाही आणि पार्किंगमध्ये वास येतो. म्हणून गाडी लावली की कॉक बंद, हे किल्ली काढण्याइतकं पाठ झालं पाहिजे.

ठिणगी

२१ चा प्लग पाना घेऊन प्लग काढा आणि त्याचा रंग वाचा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर सगळं बरोबर. काळा आणि तेलकट असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त होतंय, नाहीतर चोक अडकलाय. पांढराफटक असेल तर गाडी गरम चालते आहे, कुठून तरी जादा हवा शिरते आहे, आणि हे काळ्या प्लगपेक्षा धोक्याचं आहे. प्लगची फट ०.६ मिमी, फिलर गेजने मोजून.

ठिणगी बघताना प्लगचं लोखंडी अंग हेडला टेकवून किक मारा. निळी, टणक ठिणगी हवी. पिवळट, अडखळणारी असेल तर जुन्या गाडीत आधी पॉईंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे दोन छोटे संपर्क, बघा. मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकी चाकाच्या, खिडकीतून ते दिसतात. मॅग्नेट हाताने फिरवत पॉईंट पूर्ण उघडतील तिथे थांबवा, फट ०.४ मिमीच्या आसपास ठेवा. पावसाळी सकाळी गाडी उठली नाही तर बहुतेक वेळा पॉईंटवर दमट हवेची पुटं असतात. कोरडं जाड व्हिजिटिंग कार्ड पॉईंटमध्ये धरून दोनदा ओढलं की काम होतं. नंतरच्या चेतकना इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, त्यात पॉईंट नसतात. तिथे प्लगची टोपी आणि जाड वायर बघा. वायरला भेगा असतील तर अंधारात किक मारल्यावर तिथून ठिणगी उडताना दिसते.

पहिली किक

अनेक वर्षं उभ्या गाडीला थेट किक मारू नका. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल आत सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी प्लग न लावता गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून हळूहळू पुढे ढकला. पिस्टन मोकळा फिरतोय असं हाताला जाणवलं पाहिजे. अडत असेल तर जोर लावू नका, आणखी तेल आणि आणखी एक रात्र द्या. मोकळा झाला की न्यूट्रलमध्ये प्लगशिवाय दहा-बारा किका मारून जादा तेल बाहेर काढा, मग प्लग लावा, नवं पेट्रोल, चोक ओढा आणि किक. पहिली दहा मिनिटं भरपूर धूर येईल. सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये हे करू नका, गाडी बाहेर मोकळ्यावर न्या.

तरीही उठली नाही तर पुन्हा प्लग काढून बघा. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, कॉक बंद करा, एक्सिलेटर पूर्ण पिळून पाच-सहा किका मारा, प्लग पुसून लावा. कोरडा असेल तर पेट्रोल अडलंय: टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक, कॉक, पाइप, कार्बोरेटर या क्रमाने बघत या. पेट्रोल आहे, ठिणगी आहे आणि किक मारताना पाय सहज खाली जातो, दाब लागतच नाही, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. ते काम मेस्त्रींचं.

गिअर तेल, वायरी आणि धुराची भाषा

गिअरपेटीत एसएई ३० तेल जातं. जुनं तेल इंजिन गरम असताना काढा, नवं लेव्हलच्या भोकातून बाहेर येऊ लागेपर्यंत भरा. कारसाठीचं महागडं तेल घालू नका, कारण क्लच याच तेलात बुडालेला असतो आणि घसरायला लागतो. काढलेल्या तेलाचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा गाडी सतत पांढरा धूर सोडत असेल आणि तेलाची पातळी कमी होत असेल, तर क्लचकडचं ऑइल सील गेलं आहे. मॅग्नेटकडचं सील गेलं की वेगळं चित्र दिसतं: एक्सिलेटर सोडला तरी इंजिन चढ्या आवाजात चालत राहतं, प्लग पांढरा पडतो. अशी गाडी चालवू नका, पिस्टन जाईल. सीलं तशी स्वस्त असतात, पण इंजिन उघडावं लागतं.

वायरी वर्षातून एकदा तेल सोडून मोकळ्या करा. क्लच, एक्सिलेटर, पुढचा ब्रेक आणि गिअरच्या दोन. गिअरची डावी मूठ फिरवल्यावर आकडा दोनवर आणि गाडी न्यूट्रलमध्ये असं होत असेल तर गिअरपेटी बिघडलेली नसते, गिअरच्या दोन वायरींपैकी एक ताणलेली असते. क्लचच्या लिव्हरला एक-दोन मिमी ढील हवीच, नाहीतर क्लच अर्धवट दाबलेला राहून प्लेटा झिजतात.

गाडी चढावर दमते, वेग धरत नाही, तरी ठिणगी-पेट्रोल ठीक आहे? सायलेन्सर बघा. टू-स्ट्रोकचं तेल जळून त्यात काजळी साठते आणि धुराला वाट राहत नाही. सायलेन्सर साफ करून, हेड उघडून कार्बन काढला की तीच गाडी वेगळी वाटते. आणि इंजिनावरचं पंख्याचं पत्र्याचं आवरण कधीही काढून ठेवू नका. हे इंजिन त्या पंख्याच्या हवेवरच थंड राहतं.

बोअरिंगची, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून नव्या मापाचा करायची, वेळ आली तर वागळे इस्टेटमध्ये लेथचं काम करणारे आहेत. पिस्टन आधी विकत घ्या आणि तो हातात देऊन त्याच्या मापाने बोअर करायला सांगा, उलट नाही. स्पेअर पार्टसाठी मी ऑपेरा हाऊसच्या बाजारात जाते, आणि जाण्याआधी मेस्त्रींना विचारून यादी लिहून नेते. मेस्त्री निवडताना एकच कसोटी लावा: ते काढलेला जुना भाग तुमच्या हातात देऊन दाखवतात का? माझे कोपरीचे मेस्त्री साठी ओलांडलेले आहेत. त्यांच्याकडे गेलं की मी स्टूल ओढून बसते आणि बघते. विचारलं की सांगतात, आणि पाना माझ्या हातात देतात. अशी माणसं आता थोडी उरली आहेत. त्यांच्याशी घासाघीस करू नका.

जूनच्या आधी

मॅट काढून पायदान कोरडं करा, खालची भोकं पुन्हा मोकळी करा. प्लगच्या टोपीत थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. गाडी प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये गुंडाळून ठेवू नका. आत वाफ धरते आणि उघड्यावर भिजण्यापेक्षा जास्त गंज चढतो. छत असेल तर सुती चादर पुरे. तुंबलेल्या पाण्यातून जावं लागलंच तर बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर चालवा, ओले ड्रम धरत नाहीत. आणि गाडी पावसाळाभर उभी ठेवण्यापेक्षा आठवड्याला एकदा उघडीप बघून अर्धा तास फिरवून आणलेली चांगली.

पहिली फेरी

डिकीत ठेवा: प्लग पाना, एक नवा प्लग, क्लच आणि एक्सिलेटरची जादा वायर, पक्कड, पेचकस, ८ ते २२ चे पाने, टू-टीची बाटली, फडकं, टॉर्च. पाम बीच रोडवर किंवा घोडबंदरला पहिल्याच दिवशी जाऊ नका, तिथल्या वेगात ही गाडी अडचणीत येते आणि इतरांनाही आणते. रविवारी सकाळी सातच्या आत निघा. ठाण्यात असाल तर तलावपाळीवरून उपवनपर्यंत, नवी मुंबईत असाल तर सेक्टरमधल्या आतल्या रस्त्यांनी. तिसऱ्या गिअरमध्ये आवाज ऐकत चला.

परत आल्यावर गाडी स्टँडवर लावा आणि दोन्ही ड्रमजवळ हात न्या. एक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेला असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय, त्याचा ॲडजस्टर अर्धा फेरा सैल करा. खाली पुठ्ठा सरकवून ठेवा, उद्या सकाळी त्यावरचा डाग सांगेल कुठून गळतंय. ५० किलोमीटर झाल्यावर चाकांचे सगळे नट पुन्हा आवळा. आणि वर जाण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करा.